योहान की जुआंव? एका नावाची सविस्तर हकीकत

मरोळच्या गावठाणातून एका ताईंनी विचारले आहे. पहिला मुलगा झाला, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना योहान हे नाव आवडले. सासूबाईंचे म्हणणे असे की थोरल्या नातवाला आजोबांचेच नाव लागले पाहिजे, आणि आजोबांचे नाव जुआंव. कागदपत्रे काढून पाहिली तर रेशनकार्डावर जुआंव, बँकेच्या पासबुकावर जॉन आणि चर्चमधून आणलेल्या जुन्या लॅटिन उताऱ्यावर तिसरेच काहीतरी, जोआनेस. त्यात भर म्हणून नावांच्या एका वेबसाइटवर योहान म्हणजे ‘देवाची भेट’ असे दिले आहे आणि दुसरीवर ते जर्मन नाव आहे म्हणून सांगितले आहे. खरे काय, नाव ठेवावे का, आणि ठेवले तर इंग्रजीत कसे लिहावे, असा एकूण प्रश्न आहे.

ताई, खुशाल ठेवा. योहान ठेवलेत म्हणजे आजोबांचेच नाव ठेवलेत. जुआंव, जॉन, जोआनेस आणि योहान हे चारही एकाच नावाचे उच्चार आहेत. सासूबाईंची समजूत काढायची म्हणून मी हे म्हणत नाही. चर्चच्या वहीत तुमच्या सासऱ्यांचे जे नाव लिहिले आहे, त्याला जुआंव आणि जॉनपेक्षा योहान अधिक जवळचे आहे. ते कसे, हे पुढे सांगते. उपनगरातल्या एका जुन्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजाच्या, कचेरीत बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या सांभाळणे आणि लोकांना दाखले काढून देणे हे माझे काम. नावांवरून घरात लागलेली भांडणे माझ्या टेबलापर्यंत नेहमी येतात, आणि त्यांतली बरीचशी याच नावावरून असतात.

आधी मूळ पाहू. नाव हिब्रू आहे. जुन्या रूपात यहोहानान, मग आखूड होऊन योहानान. त्याचे दोन तुकडे पडतात. ‘यो’ किंवा ‘यहो’ हे इस्राएली लोकांच्या देवाच्या नावाचे, याव्हे या नावाचे, संक्षिप्त रूप. ‘हानान’ म्हणजे ‘त्याने कृपा केली’. दोन्ही मिळून अर्थ होतो, ‘परमेश्वराने कृपा केली’. पुष्कळ ठिकाणी ‘देव कृपाळू आहे’ असा अर्थ दिलेला असतो. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण मूळ क्रियापद काहीतरी घडून गेल्याचे सांगते. देव तसा आहे एवढेच नाव सांगत नाही, त्याने आमच्यावर कृपा केली असे सांगते. ज्या घरात मूल जन्मले आहे तिथे हा फरक आपोआप कळतो.

याच धातूतून हन्ना हे नाव आले. ती शमुवेलाची आई, मुलासाठी देवळात रडून प्रार्थना करणारी. हन्नाचेच ग्रीक रूप अ‍ॅना. आणि हनन्या या नावात तर योहानचेच दोन तुकडे उलट क्रमाने जोडलेले आहेत. उद्या धाकट्या मुलीचे नाव हन्ना किंवा अ‍ॅना ठेवलेत तर भावंडांची नावे एकाच मुळाची होतील, हेही लक्षात असू द्या.

‘देवाची भेट’ किंवा ‘देवाची देणगी’ हा अर्थ दुसऱ्या नावांचा आहे. मत्तय म्हणजे परमेश्वराची देणगी. योनाथान, ज्याला आपण जोनाथन म्हणतो, त्याचा अर्थ ‘परमेश्वराने दिले’. जोनाथनचे लाडाचे नाव इंग्रजीत जॉन असेच ऐकू येते, म्हणून त्याचा अर्थ खऱ्या जॉनला चिकटवला गेला आहे. वेबसाइटवाले एकमेकांची नक्कल करतात, तेव्हा एकाची चूक सगळीकडे पसरते. त्याच पानांवर नावाखाली शुभ अंक आणि शुभ रंगही दिलेले असतात. त्या माहितीचा या नावाशी काडीचाही संबंध नाही, त्यात वेळ घालवू नका.

जर्मनीचे म्हणाल, तर तिथे योहान हे नाव फार चालते हे खरे. पण ते तिथले मूळचे नव्हे. जर्मनीत ख्रिस्ती धर्म पोचण्याच्या कितीतरी आधी, यिर्मया संदेष्ट्याच्या काळात, यहूदात योहानान नावाचा सेनानायक होऊन गेला. जर्मन भाषेत इंग्रजीतल्या ‘जे’ अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, म्हणून त्यांचे नाव आपल्या मराठी बायबलातल्या नावासारखे ऐकू येते, इतकेच.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. थोरल्या नातवाला वडिलांच्या बाजूच्या आजोबांचे नाव द्यायचे ही पद्धत आपल्या अनेक घरांत आहे आणि ती चांगली आहे. जुन्या वह्या वाचताना एकाच घराण्यात एक पिढी सोडून तेच नाव येत राहिलेले दिसते. पण ताई, हे एकच नाव असे आहे की ते शुभवर्तमानात आले तेच ‘घरातले नाव ठेवा’ या वादातून. संध्याकाळी सगळे बसलेले असताना लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा आणि ५७ ते ६६ ही वचने सासूबाईंना वाचून दाखवा.

जखऱ्या हा यरुशलेमेच्या मंदिरातला याजक. तो आणि त्याची बायको अलीशिबा दोघेही म्हातारे, पोटी मूल नाही. मंदिरात धूप जाळायची पाळी त्याच्यावर आली तेव्हा गब्रीएल देवदूताने त्याला सांगितले की तुला मुलगा होईल, त्याचे नाव योहान ठेव. त्याचा विश्वास बसला नाही, म्हणून त्याची वाचा गेली. मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंतेसाठी शेजारीपाजारी आणि नातलग जमले, आणि त्यांनी बाळाचे नाव बापाच्या नावावरून जखऱ्या ठेवायला घेतले. आई म्हणाली, नाही, त्याला योहान म्हणायचे. नातलग म्हणाले, तुमच्या नात्यात या नावाचे तर कोणीच नाही! मग त्यांनी बापाला खुणांनी विचारले. त्याने पाटी मागितली आणि तिच्यावर लिहिले, याचे नाव योहान आहे. सगळ्यांना आश्चर्य वाटले, आणि त्याच क्षणी त्याला बोलता येऊ लागले.

वाचा आल्यावर जखऱ्याने जे स्तोत्र गायिले ते आजही चर्चच्या रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत म्हटले जाते. त्यातली ७२ आणि ७३ ही वचने सावकाश वाचा. देवाने आमच्या पूर्वजांवर दया केली, आपल्या पवित्र कराराची आठवण ठेवली, अब्राहामाला दिलेली शपथ पाळली, असा तिथला आशय आहे. दया, आठवण, शपथ. योहान म्हणजे परमेश्वराने कृपा केली. जखऱ्या म्हणजे परमेश्वराने आठवण ठेवली. अलीशिबा म्हणजे माझा देव हीच माझी शपथ. बाळ, बाप आणि आई, तिघांच्याही नावांचे अर्थ त्या दोन ओळींत उतरले आहेत. नावाचा अर्थ काय असे कोणी विचारले की मी हीच जागा दाखवते. शब्दकोशातला अर्थ एका ओळीत संपतो. तोच अर्थ एका घरात कसा उतरला हे इथे दिसते.

आता एक नाव चार तोंडांनी कसे बोलले गेले ते सांगते. हिब्रूतला ‘ह’ घशातून खरवडून निघतो. ग्रीकांकडे नावाच्या मधोमध असा ‘ह’ लिहायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तो गाळला आणि पुरुषाच्या नावाला त्यांच्या भाषेत लागतो तसा शेवटी ‘एस’ जोडला. योहानानचे योआन्नेस झाले. लॅटिनने तेच उचलले. पुढे कोणी लिहिताना ‘ह’ परत घातला, कोणी नाही घातला, पण बोलण्याचा सूर तोच राहिला.

तुमच्या हातातल्या उताऱ्यावर जे ‘जोआनेस’ दिसते ते हेच. पहिले अक्षर इंग्रजीतला ‘जे’ असल्यामुळे आपण ‘जो’ वाचतो. पण चर्चच्या लॅटिनमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘य’ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकात रोममध्ये भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या महासभेपर्यंत, आपल्याकडे बाप्तिस्मा लॅटिनमधून होत असे. पाणी घालताना फादर आधी बाळाचे नाव घेत आणि मग ‘एगो ते बाप्तीझो’, म्हणजे मी तुला बाप्तिस्मा देतो, असे म्हणत. तुमच्या सासऱ्यांच्या डोक्यावर पाणी पडले तेव्हा फादरांच्या तोंडून निघालेले नाव ‘योआन्नेस’ असे होते. जुआंव त्यांना घरच्यांनी म्हटले, जॉन बँकेने म्हटले, बाप्तिस्म्याच्या पात्राशी मात्र ते योआन्नेस होते. त्यातला लॅटिन शेपटीचा ‘एस’ काढा आणि ग्रीकांनी गाळलेला ‘ह’ परत ठेवा. काय उरते ते सासूबाईंनाच म्हणून पाहू द्या.

लॅटिन उताऱ्याबद्दल आणखी एक सांगायला हवे, कारण यात लोक फार अडकतात. लॅटिनमध्ये विभक्तीप्रमाणे नावाची शेपटी बदलते, जशी मराठीत रामाने, रामाला, रामाचा असे करताना बदलते. कर्ता असेल तर जोआन्नेस. ‘अमुक बाळाला मी बाप्तिस्मा दिला’ असे लिहायचे तर जोआन्नेम. ‘अमक्याचा मुलगा’ लिहायचे तर बापाचे नाव जोआन्निस. एकाच माणसाची बाप्तिस्म्याची नोंद, लग्नाची नोंद आणि मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद शेजारी ठेवली, तर तीन ठिकाणी तीन स्पेलिंगे दिसतात. लोक घाबरतात, कोणीतरी सांगते की तीन वेगळी नावे आहेत, प्रतिज्ञापत्र करा. त्याची गरज नसते. नोंद जिथली आहे त्या पॅरिशच्या कचेरीत जा आणि दाखला इंग्रजीत काढून घ्या. तिथे ही सगळी रूपे जॉन अशीच उतरवली जातात, तसा प्रघातच आहे. आजोबांच्या कागदांतले काहीही बदलायच्या भानगडीत पडू नका.

मग जुआंव कुठून आले? पोर्तुगिजांकडून. १५३४मध्ये वसई आणि तिच्यासोबत मुंबईची बेटे आणि साष्टी (आजची उपनगरे आणि ठाण्याचा परिसर) त्यांच्या हाती गेली, आणि इथल्या गावांत ज्यांचे बाप्तिस्मे झाले त्यांना पोर्तुगीज नावे मिळाली. लॅटिन योआन्नेसचे पोर्तुगीज तोंडात फार आखूड रूप होते, आणि त्याचा शेवट नाकातून होतो. तो नाकातला सूर आपल्या लोकांनी ‘आंव’ असा पकडला. संत सेबॅस्टियनच्या पोर्तुगीज नावाचे बस्त्यांव झाले तेही याच चालीवर. गोव्याची माणसे जून महिन्यात विहिरीत उड्या टाकून सांजांव साजरा करतात, तो शब्दही हाच, सां म्हणजे संत आणि जांव म्हणजे योहान. अलीशिबेच्या पोटात असतानाच बाळ योहानाने आनंदाने उडी मारली असे लूक सांगतो, ती उडी म्हणजे ही विहिरीतली उडी, असे गोवेकर मानतात. १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, नावे राहिली. पेद्रू, इनास, कैतान, बस्त्यांव, जुआंव ही आता परकी राहिलेली नाहीत. साष्टीच्या शेतांत आणि मच्छीमार वस्त्यांत ती इतक्या पिढ्या हाकारली गेली आहेत की त्यांचा सूर आपल्या बोलीचा झाला आहे. सासूबाईंना जुआंव सोडवत नाही यात मला काही चुकीचे वाटत नाही. ते नाव टिकले पाहिजे असे मलाही मनापासून वाटते.

जॉन हे इंग्रजांच्या राज्यातले. १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबई-साष्टीतल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायला सुरुवात केली. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांपासून आपली ओळख वेगळी राहावी हा हेतू होता. इंग्रजी शाळा आणि इंग्रजी कचेऱ्यांतून जुआंवचे जॉन होत गेले. एकाच माणसाला घरात जुआंव, कामावर जॉन आणि चर्चच्या वहीत लॅटिन नाव, अशी तीन नावे असणे ही त्या पिढीत नेहमीची गोष्ट होती.

योहान हे रूप मराठी बायबलाचे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनने १८११मध्ये मराठी नवा करार छापला, १८१३मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, आणि पुढे शतकभर मराठी बायबलाची भाषांतरे सुधारत गेली. त्यांत नावे इंग्रजीच्या वळणाने घेतली नाहीत, मूळ भाषांच्या जवळ ठेवली. म्हणून तिथे पीटर नाही, पेत्र आहे. जेम्स नाही, याकोब आहे. जॉन नाही, योहान आहे. कॅथलिक मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, मात्र त्या वेळी लॅटिनमध्येच होती. ती मराठीत आली व्हॅटिकन परिषदेनंतर, आणि त्यानंतर ‘योहानकृत शुभवर्तमानातून घेतलेला उतारा’ असे आपल्याकडे वेदीवरून नियमित ऐकू येऊ लागले. तुमच्या सासूबाईंच्या लहानपणी ते कानावर पडले नसेल. त्यांना नाव नवे किंवा परक्यांचे वाटते याचे कारण बहुधा हे असेल.

मुंबईत या नावाची आणखीही बरीच रूपे नांदतात. इयान स्कॉटलंडकडचे, शॉन आयर्लंडचे, इवान रशियाकडचे, एव्हान वेल्सचे, जोवानी इटलीचे. मुलींत जोआना, जोन, जेन, जीन, इवाना. सगळी एकाच योहानानची लेकरे. वडील जॉन, थोरला इयान आणि धाकटा इवान असे घर दिसले, तर तिथे तिघांचे नाव एकच आहे, आणि बहुतेक वेळा त्यांना ते ठाऊक नसते. केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांत योहन्नान आहे. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांकडचे याह्या हे नाव कुराणात याच योहानासाठी आले आहे, जखऱ्याच्या मुलासाठी. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेचे नाव मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या संताचे नाव जोवानी, म्हणजे योहान. ‘डॉन’ हा इटालियन भाषेत पाद्र्याला लावायचा आदरार्थी शब्द.

तमिळ लोकांचे वेगळेच. धारावीतल्या तमिळ कॅथलिक घरांत अरुळप्पन हे नाव आढळले तर तेही योहानच समजा. तमिळमध्ये अरुळ म्हणजे कृपा. त्यांच्या पूर्वजांनी नावाचा आवाज सोडला आणि अर्थ धरला. पोर्तुगालहून आलेला एक जेझुइट (येशूसंघाचा पाद्री), संत जॉन दि ब्रिटो, तमिळ देशात संन्याशाच्या वेशात राहिला आणि ४ फेब्रुवारी १६९३ रोजी ओरियूर येथे हुतात्मा झाला. तिथले लोक त्याला अरुळानंदर म्हणतात. त्यातही तोच अरुळ आहे. मला ही पद्धत फार आवडते. मराठीत कोणी मुलाचे नाव याच भावनेने प्रसाद किंवा कृपानंद ठेवले आणि संरक्षक संत म्हणून योहान धरला, तर तेही तितकेच ख्रिस्ती नाव आहे.

चर्चचा नियम काय, असेही तुमच्या मनात असेल. १९१७च्या धर्मसंहितेत पाद्र्यांना सांगितले होते की बाळाला ख्रिस्ती नाव द्यावे, आणि पालक ऐकत नसतील तर त्यांच्या नावासोबत एखाद्या संताचे नाव वहीत लिहावे. जुन्या नोंदींत घरात कोणाला ठाऊक नसलेले एखादे नाव सापडते, त्याचे एक कारण हे. आजची संहिता १९८३ची. तिच्या ८५५व्या कलमात एवढेच म्हटले आहे की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव ठेवले जाऊ नये. योहानला कोणी हरकत घेण्याचा प्रश्नच येत नाही.

बाप्तिस्म्याच्या अर्जात ‘योहान जॉन’ किंवा ‘योहान जुआंव’ असे जोडनाव मात्र लिहू नका. दोन्ही बाजू खूश होतील म्हणून लोक तसे करतात, पण ते एकच नाव दोनदा लिहिणे आहे, आणि पुढे बापाचे नाव आणि आडनाव जोडले की शाळेच्या रकान्यात ते मावतही नाही. कागदावर योहान असू द्या. घरात आजीने जुआंव म्हणून हाक मारावी. मुलगा दोन्हींना ओ देईल, आजोबाही देतच होते. थोडे वाढवायचेच असेल तर ‘योहान बाप्तिस्ता’ हे जुने, सुंदर जोडनाव आहे. बाप्तिस्ता म्हणजे बाप्तिस्मा करणारा. मुंबईत बाप्टिस्टा हे आडनाव दिसते ते याच योहानावरून. माझगावच्या माथारपाखाडीतले काका बाप्टिस्टा, टिळकांचे सहकारी आणि १९२५मध्ये मुंबईचे महापौर झालेले, त्यांचे आडनावही तेच.

इथे एक निवड तुम्हाला करावी लागेल, आणि ती बाप्तिस्म्याआधी केलेली बरी. योहान दोन आहेत. एक बाप्तिस्मा करणारा योहान, जखऱ्याचा मुलगा, यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा करणारा. दुसरा प्रेषित योहान, जब्दीचा मुलगा, याकोबाचा भाऊ, गालील समुद्रावरचा मच्छीमार, ज्याच्या नावाने चौथे शुभवर्तमान आहे. पहिल्याचा सण २४ जूनला. चर्च ज्या तिघांचे पृथ्वीवरचे जन्मदिवस साजरे करते त्यांत येशू आणि मरियेसोबत हा एकटा. बाकी संतांचा सण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो. त्याच्या शिरच्छेदाचे स्मरण वेगळे, २९ ऑगस्टला. दुसऱ्याचा सण २७ डिसेंबरला, नाताळानंतर दोनच दिवसांनी.

तुम्ही मरोळच्या, म्हणून तुमच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. आज अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड जे पडके चर्च आहे, ते १५७९मध्ये जेझुइटांनी बांधले, आणि ते बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. १८४०च्या सुमारास साथ आली, तिथले कोंडिवटे गाव उठले आणि पॅरिश मरोळला आणली गेली. मरोळचे आजचे चर्च आहे प्रेषित योहानाचे. म्हणजे तुमच्या गावाच्या पदरात दोन्ही योहान आहेत. सासरच्या घराण्याची मुळे कोंडिवट्याच्या बाजूची असतील तर पहिला घ्या, असे मी सुचवेन. नाहीतर आपल्या पॅरिशचा संत घेणे हे सगळ्यांत सरळ. मुंबईत इतरत्रही दोघांची चर्चे आहेत. ठाण्याला मासुंदा तलावाजवळचे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. कुलाब्याचे अफगाण चर्च, १८५८मध्ये अभिषेक झालेले, ते प्रेषित योहानाचे, पण ते अँग्लिकन परंपरेचे.

शेवटचे स्पेलिंगचे. इंग्रजीत ‘वाय’ने सुरू करा: वाय, ओ, एच, ए, एन. ‘जे’ने लिहिलेत तर मुंबईतल्या शाळेत पहिल्या दिवसापासून मुलगा ‘जोहान’ होईल, आणि मग मराठी कागदांवरही कोणीतरी जोहान टाइप करील. शेवटी दोन ‘एन’ नकोत, ते जर्मन वळण आहे. मराठीत ‘योहान’ असेच, ‘हा’ला काना देऊन. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येते, तेव्हा छापण्याआधी दोन्ही ओळी डोळ्यांखालून घाला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत सगळ्याचा पाया हा जन्मदाखलाच आहे, त्यामुळे आता तिथली चूक पूर्वीसारखी खपून जात नाही. दाखल्यात नाव घालायला पहिल्या वर्षी शुल्क नाही, पुढे विलंबशुल्क भरावे लागते. जन्मदाखला आधी पक्का करा आणि त्याची प्रत घेऊन पॅरिशच्या कचेरीत जा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वहीतले स्पेलिंग त्याबरहुकूम लिहिता येईल. आता त्या वहीत लॅटिन नसते, जे लिहून द्याल तेच उतरते. कोणता योहान धरला आहे तेही फादरांना त्याच वेळी सांगा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या विधीत संतांची नावे घेताना ते त्याचे नाव आवर्जून घेतील.